स्वतःचे शरीर आणि दुसऱ्याचे शरीर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वडोदरा येथे योजलेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी जे वक्ते बोलून गेले ते आपापल्या विषयांतील जाणकार होते. मी आयुष्याची सव्वीस वर्षे एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आकडे जुळविले आणि गेली बारा वर्षे लोकांना उठाबशा काढावयास लावतो आहे. त्यामुळे मंडळाचे चिटणीस घरी आले, तेव्हा समारंभाच्या खुर्च्या हलविण्यासाठी त्यांना एखादा बळकट माणूस हवा असावा असेच मला प्रथम वाटले. भाषण करावयाचे आहे हे कळल्यावर मी दोन दिवस मागून घेतले. ‘आपण व्यायामशिक्षक कसे झालात, ते सांगा,’ असा त्यांचा आग्रह होता. ते सांगावयाचे म्हणजे माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगणे भाग होते, आणि ती चारचौघांत सांगण्याची तयारी करण्यास दोन दिवस लागले.

हल्ली ज्याला ‘पर्सनल ट्रेनर’ म्हणतात, तो माझा व्यवसाय. एका वेळी एकच शिकणारा, त्याच्यासमोर एकच शिकविणारा, आणि दोघांमध्ये एक तास. आपल्या आखाड्यातील वस्तादाचे काम याहून वेगळे होते. त्याच्यापुढे पन्नास मुले असत आणि ती बहुधा धडधाकट असत. माझ्याकडे येणारा मनुष्य बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो, गुडघा धरून येतो आणि खिशात गोळ्यांची पाकिटे बाळगतो. मीही एके काळी तसाच होतो.

ही गोष्ट २००८ सालच्या श्रावणातील आहे. माझे वय सेहेचाळीस, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९३ किलो. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. रात्री दोनच्या सुमारास माझ्या वडिलांच्या, नानांच्या, छातीत कळ आली. बाहेर मुसळधार पाऊस, वीज गेलेली, त्यामुळे लिफ्ट बंद. रुग्णवाहिका खाली येऊन उभी होती. नानांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरविण्याचे ठरले. पुढचे पाय रुग्णवाहिकेच्या माणसाने धरले, पाठ मी धरली. पहिल्या वळणावर माझे हात कापू लागले, दुसऱ्या वळणावर दम कोंडला आणि मी खुर्ची टेकवली. खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा आवाजाने बाहेर आला होता. त्याने काही न बोलता माझी जागा घेतली. मी नानांच्या चपला हातात घेऊन मागून उतरलो.

नाना वाचले. पुढे पाच वर्षे त्यांचा सहवास आम्हांस लाभला. त्या रात्रीविषयी ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्याचाच मला अधिक त्रास होई. कारण नाना लहानपणी दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात जाणारे. प्रोफेसर माणिकरावांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. ज्या गावात एकेकाळी मराठी घरांतील मुले पहाटे लाल मातीत उतरत, जेथे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला, त्याच गावात वाढलेला मी जन्मदात्याला एक मजला उतरवू शकलो नव्हतो.

आठ दिवसांनी मी स्वतःची तपासणी करून घेतली. उपाशीपोटी साखर १३८ निघाली. ती १२६ किंवा त्याहून अधिक आढळणे ही मधुमेहाची खूण. पोटाचा घेर १०८ सेंटिमीटर होता. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा, असे आपले डॉक्टर सांगतात. माझा आकडा वाचून डॉक्टरांनी नुसते चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी कमाटीबागेत जाऊ लागलो. पहिल्या दिवशी वीस मिनिटे चाललो आणि बाकावर बसलो. तीन महिने केवळ चालणेच केले. दिवसाचे साखरेचे चार चहा बंद केले, संध्याकाळची सेव-उसळ आणि रविवारचे फाफडा-जिलेबी महिन्यावर नेले. भात निम्मा केला, वरण, उसळ, दही आणि भाजी वाढविली. सहा किलो उतरले आणि मग काटा दोन महिने जागचा हलेना. तेव्हा धीर करून एका जिममध्ये पाऊल टाकले. तेथे शिकविणारा मुलगा चोवीस वर्षांचा होता. त्याने माझ्या हाती पाच किलोची डंबेल्स दिली आणि ‘अंकल, वजन नंतर वाढवू, आधी पाठ सरळ ठेवायला शिका,’ असे गुजराती वळणाच्या हिंदीत सांगितले. त्या वयाच्या मुलाकडून शिकताना लाज वाटली, परंतु तो बरोबर सांगत होता.

वीस महिन्यांनी माझे वजन ७१ किलो झाले आणि साखर १०२ वर आली. बावीस किलो हा आकडा ऐकून लोक चकित होतात. मी हिशेबनीस असल्यामुळे त्याचा भागाकार करून पाहिला. एक किलो चरबीत ढोबळ मानाने ७७०० कॅलरी धरतात. बावीस किलोंच्या एक लाख सत्तर हजाराच्या आसपास झाल्या. त्यांना सहाशे दिवसांनी भागले, तर रोजचे सुमारे २८० येतात. साखरेचे चार चहा वगळणे आणि पाऊण तास चालणे, एवढीच ती रोजची शिल्लक. ती सहाशे दिवस न मोडता टाकली, हाच काय तो पराक्रम.

पण जगाला भागाकारात रस नसतो. माझ्या पुतणीने माझी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावून नातेवाइकांत फिरविली; एक ९३ किलोंचे, एक ७१ किलोंचे. तेथून माझ्या आयुष्याला वेगळे वळण लागले. कचेरीतील सहकारी जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारू लागले. बागेत ओळखीचे लोक थांबवू लागले. ‘तुम्ही काय केलेत, तेच आम्हांला सांगा’ असे ते म्हणत आणि मी जे केले तेच सांगत असे. सहा महिन्यांत दहाबारा माणसे सकाळी फुलांच्या घड्याळाजवळ माझी वाट पाहू लागली. मला कोणी ‘गुरुजी’ म्हणे, कोणी ‘वस्ताद’. हिशेब खात्यात सव्वीस वर्षांत मला कोणी काहीच म्हटले नव्हते. ती उपाधी मला गोड वाटली, हे मी आज कबूल करतो.

आता त्या चुकीकडे येतो.

आमच्या घोळक्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आम्ही सर्व त्यांना मास्तर म्हणत असू. वय बासष्ट, अंग स्थूल, स्वभाव अत्यंत शिस्तीचा. सांगितलेले काम पुरे केल्यावाचून ते घरी जात नसत. २०११ च्या डिसेंबरात एके दिवशी मी त्यांना सांगितले, ‘मास्तर, उद्यापासून काही न खाता या. उपाशीपोटी चरबी लवकर जळते.’ मी स्वतः तसेच करीत असे आणि मला ते मानवले होते. मास्तरांना मधुमेह आहे हे मला ठाऊक होते. मलाही होताच, त्यात विशेष ते काय, अशी माझी समजूत. त्यांची गोळी कोणती, ती केव्हा घेतात, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

मास्तर सकाळची गोळी घेऊन, न खाता आले. तासभर भरभर चाललो. नंतर मी त्यांना माझ्याबरोबर उठाबशा काढावयास लावले. तिसाव्या उठाबशीला ते थांबले. थंडीत त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. माझ्याकडे पाहून ते भलतेच काहीतरी बोलले. मला वाटले, दमले आहेत. मी म्हणालो, ‘आणखी पाच, मास्तर. मन घट्ट करा.’

आणि त्या शिस्तीच्या माणसाने आणखी पाच काढावयास आरंभ केला.

तेवढ्यात फिरावयास आलेल्या एक बाई धावत आल्या. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या. ‘यांना साखरेचा आजार आहे का?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि मी मान हलविताच चहाच्या टपरीवरून साखर आणवून पाण्यात कालवून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांनी मास्तरांच्या नजरेत ओळख आली. रक्तातील साखर फार खाली गेली होती. आणखी थोडा वेळ गेला असता, तर काय झाले असते हे डॉक्टरांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले. शिवाय त्यांचा उजवा गुडघा तीन आठवडे सुजलेला होता तो वेगळाच.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मास्तर उलट माझीच समजूत काढू लागले. त्यांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या. कप ठेवून त्या म्हणाल्या, ‘भाऊ, तुमच्या अंगाला जे मानवलं ते यांच्याही अंगाला मानवेल, असं तुम्हांला कुणी सांगितलं होतं?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच ते जाणून घ्यावयाचे होते. मला उत्तर देता आले नाही. ते मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या दोन छायाचित्रांनी सांगितले होते.

मित्रहो, त्या दोन छायाचित्रांविषयी थोडे बोलतो, कारण आज आपणांस रस्त्यारस्त्यावर ती दिसतात. एक ‘आधी’चे, एक ‘नंतर’चे. त्यांत खोटे काही नसते. पण ती फक्त एका माणसाविषयी, आणि तेही एवढेच सांगतात की, याच्या बाबतीत असे घडले. त्या माणसाचे सांधे कसे, झोप किती, घरी स्वयंपाक कोण करते, खिशात गोळी कोणती, हे त्यांत दिसत नाही. रोगातून उठलेला मनुष्य जसा तेवढ्यावरून वैद्य होत नाही, तसा स्वतःचे शरीर सुधारलेला मनुष्य तेवढ्यावरून शिक्षक होत नाही. स्वतःचा अनुभव हे त्याचे भांडवल खरे. परंतु भांडवल आणि हिशेब जाणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मी घोळका बंद केला. घरी कोणी आले, तर ‘मला ठाऊक नाही’ असे सांगू लागलो. हे वर्षभर चालले. मग नानाच एकदा म्हणाले, ‘ठाऊक नाही ना? मग शिकून घे. न शिकता शिकवलंस ही चूक. आता शिकायचंच सोडलंस, ही दुसरी.’ त्या रात्रीनंतर व्यायामाविषयी ते माझ्याशी प्रथमच बोलले होते.

वयाच्या पन्नासाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. स्नायू, सांधे, हृदय आणि श्वसन यांची पुस्तके आणली. प्रथमोपचार आणि बंद पडलेले हृदय छातीवर दाब देऊन चालते ठेवण्याची रीत शिकलो. प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेस बसलो आणि पहिल्या खेपेस नापास झालो. दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण होऊन २०१३ साली नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. पत्नीने त्या दिवशी मला इतकेच विचारले, ‘या वेळी नीट विचारून कराल ना?’

‘विचारून’ हा शब्द मी तेव्हापासून धरून ठेवला आहे. या अभ्यासात मी काय शिकलो, याची दोनतीन उदाहरणे देतो. आपणांस घरीही ती उपयोगी पडतील.

मधुमेहावर इन्शुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्याची साखर व्यायामाने एकाएकी उतरू शकते. ती ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, भ्रम सुरू होतो. अशा वेळी तो शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास पंधरा ग्रॅम साखर द्यावयाची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावयाचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालावयाचे नाही, तडक रुग्णालय गाठावयाचे. म्हणून माझ्या पिशवीत आज डंबेल्सच्या आधी साखरेची डबी असते.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीची गती मुळातच मंद राहते. अशा माणसाची नाडी मोजून ‘अजून पुष्कळ वाव आहे’ असे ठरविणे धोक्याचे असते. त्याला मी चालता चालता बोलावयास लावतो. वाक्य पुरे करता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. दोन शब्दांपुढे दम पुरत नाही, तो जोराचा. या कसोटीला यंत्र लागत नाही. वजन उचलताना श्वास कोंडून धरला, तर रक्तदाब झपाट्याने चढतो, हेही तेव्हाच कळले. आता उचलताना मी शिकणाऱ्यास मोठ्याने आकडे मोजावयास सांगतो. मोजणारा श्वास कोंडू शकत नाही.

आणि सर्वांत मोठा धडा म्हणजे आपली हद्द ओळखणे. छातीत दुखते, चक्कर येते, पायाला मुंग्या येतात, असे कोणी म्हणाला की माझे काम थांबते आणि डॉक्टरांचे सुरू होते. हे सांगताना आरंभी मला कमीपणा वाटे. आता वाटत नाही.

हा अभ्यास करताना माझ्या ध्यानात आले की, मी ज्या वाटेने चाललो होतो तिच्यावरून आपली फार मोठी माणसे गेलेली आहेत. बी. के. एस. अय्यंगार यांचेच पाहा. १९१८ साली कर्नाटकातील बेल्लूर येथे जन्म. बालपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी शरीर पोखरलेले. १९३४ साली ते म्हैसूरला आपले मेहुणे कृष्णम्माचार्य यांच्याकडे गेले आणि तेथे योगासने शिकले. १९३७ साली, वयाची वीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांना पुण्यास शिकविण्यासाठी पाठविण्यात आले, आणि पुढे २०१४ साली निधन होईपर्यंत पुणे हेच त्यांचे गाव राहिले. दुबळ्या मुलाचा शिक्षक झाला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. ज्याचे शरीर वाकत नाही, त्याला वाकविण्याऐवजी त्यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, खुर्च्या यांचा आधार शोधला. आजारी आणि वृद्ध मनुष्यालाही ते आसन आपापल्या परीने साधावे, ही त्यामागील दृष्टी. स्वतःच्या लवचिक शरीराचे माप त्यांनी दुसऱ्यास लावले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या वडोदऱ्याशी निगडित आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, हे तरुणपणी येथेच माणिकरावांच्या हाताखाली व्यायाम शिकले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. योगाचा लाभ स्वतःस झाला, म्हणून तो सर्वांस होतो, असे म्हणून ते थांबले नाहीत. क्ष-किरण आणि प्रयोगशाळेतील उपकरणे घेऊन शरीरात नेमके काय घडते, ते मोजावयास बसले. आणि स्वतः माणिकराव? ते जसे शरीर घडविणारे, तसेच हाडे आणि सांधे बसविण्यातही निष्णात होते. जो व्यायाम शिकवितो, त्याला दुखावलेले शरीरही ओळखता आले पाहिजे, ही गोष्ट आमच्या गावाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिली होती. मी ती वाचली पन्नासाव्या वर्षी.

आता माझे काम कसे चालते, ते एका उदाहरणाने सांगतो. सदुसष्ट वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. ‘वजन किती उतरवायचे आहे?’ असे पूर्वी मी विचारले असते. या वेळी ‘आपणांस काय करता यावेसे वाटते?’ असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘मला जमिनीवर बसून उठता यायला हवं. तीन वर्षं गौरींची पूजा मी खुर्चीवर बसून करते आहे.’ त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन आम्ही आरंभ केला. घरातील एका खुर्चीवर सहा चादरींच्या घड्या रचल्या. त्या उंच बैठकीवरून हात न टेकता उठावयाचे, दहा वेळा, एक दिवसाआड. तीन आठवड्यांनी एक घडी काढली. आणखी तीन आठवड्यांनी दुसरी. पाचव्या महिन्यात खुर्ची मोकळी झाली. मग एक गुडघा टेकून, भिंतीचा आधार घेऊन जमिनीवरून उठणे. त्या वर्षीच्या गौरींना त्या पाटावर बसल्या. त्यांचे वजन या काळात अवघे दोन किलो उतरले. त्यांच्या ‘आधी’च्या आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांत कोणाला काही फरक दिसला नसता.

व्यायामशास्त्रातील मुख्य सूत्र त्या सहा चादरींत आहे. शरीराला पेलेल त्याहून किंचित अधिक भार द्यावा, विश्रांती द्यावी, आणि ते रुळले की पुन्हा किंचित वाढवावा. हे ‘किंचित’ किती, ते प्रत्येकाचे वेगळे असते. ते ओळखण्यासाठीच शिक्षक लागतो. एरवी उठाबशा काय, कोणीही सांगेल.

या धंद्यातील एक बाजूही सांगणे अवश्य आहे. शिकणारा मनुष्य आपल्यावर विसंबून असतो, आणि त्याचा लाभ घेणे सोपे असते. पावडरींचे डबे खपविल्यास दुकानदार दलाली देतो. मला तशी दलाली अनेकदा देऊ करण्यात आली. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी ठरविली आहेत. साठ किलोंच्या माणसास ती पन्नास ग्रॅम होतात. डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी, एवढ्यात बहुतेकांची ती बेरीज जमते. जेथे जमत नाही, तेथे मी आहारतज्ज्ञाकडे पाठवितो. मी डबा विकू लागलो की, माझा सल्ला कोणता आणि माझी विक्री कोणती, हे मलाच कळेनासे होईल.

माझ्या कामाचे यश मी कशाने मोजतो, असे कोणी विचारले, तर माझ्यावाचून किती जणांचे चालते, हे मी मोजतो. वर्षभरानंतरही ज्याला मी लागतो, त्याला मी नीट शिकविले नाही.

मास्तरांविषयी आपल्या मनात प्रश्न असेल. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, अंगात धैर्य आणून, मी त्यांच्या घरी पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढ्याचा कण मोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, ‘पहिला विद्यार्थी मीच. पण आता प्रश्नपत्रिका मी काढणार.’ त्यांनी वही काढली आणि तीत मी त्यांना कोणकोणते प्रश्न विचारावयास हवे होते, ते त्यांच्या सुंदर अक्षरांत लिहून ठेवलेले होते. कोणता आजार, कोणती गोळी, किती वाजता, काय खाऊन, कोणता सांधा दुखतो, पूर्वी कधी पडलात का, डॉक्टरांचे म्हणणे काय. एकूण चौदा प्रश्न. परीक्षेच्या पुस्तकांत मी याहून लांब यादी पाठ केली होती. तरी आजही नव्या माणसापुढे मी ते चौदा प्रश्नच मांडतो. मास्तर आज शहात्तर वर्षांचे आहेत आणि या क्षणी पहिल्या रांगेत बसले आहेत. मी काही वाढवून सांगितले असल्यास ते नंतर लाल शाईने दाखवितील.

शेवटी मंडळास एक विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

आपले हे सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. येताना मी पायऱ्या मोजल्या, त्या बावीस भरल्या. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी घरोघर वर्गणी मागून ही वास्तू उभी केली, त्यांपैकी तिघे सभासद आज गावात असूनही समारंभास आले नाहीत. कारण विचारले, तेव्हा तिघांकडूनही एकच उत्तर आले: जिना चढवत नाही. त्यांना खुर्चीत बसवून वर आणता आले असते. तरुण मंडळींनी तशी तयारीही दाखविली होती. पण स्वतः बांधलेल्या घरात उचलून आणले जाणे त्यांना नको होते, आणि त्यांचे मन मला समजते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, प्रौढाने आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, आणि पासष्टीनंतर तोल सावरण्याचा सरावही आठवड्यातून तीन दिवस करावा. हे सर्व करावयास आपणांजवळ काय नाही? तळमजल्यावरची खोली सकाळी रिकामी असते. खुर्च्या आहेत, भिंत आहे, सतरंज्या आहेत. मंडळाने ती खोली आठवड्यातून तीन दिवस सकाळी एक तास उघडून द्यावी. मी येईन, फी घेणार नाही. पहिल्या दिवशी बावीस पायऱ्यांपैकी एकच पायरी चढू, तीही कठडा धरून. पुढच्या वर्धापनदिनी ते तिघे या व्यासपीठासमोर स्वतःच्या पायांनी येऊन बसतील, असे आश्वासन मी देत नाही. आश्वासने देण्याची माझी सवय मोडली आहे. प्रयत्न मात्र करून पाहू.

येणाऱ्याने आपल्या औषधांची यादी बरोबर आणावी, एवढी एकच अट. दाराशी मास्तर वही घेऊन बसावयास तयार आहेत. चौदा प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून ते कोणास आत सोडणार नाहीत, आणि ती वही वाचल्यावाचून मलाही शिकवू देणार नाहीत.